लेक झाडू मारते, एवढंच दिसलं?

पत्र (सारांश): मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीला ७१ टक्के होते. पहाटे साडेपाचला सदर बझारातल्या योगवर्गाला जाते. आधी शिकायला जायची, आता सहा महिने तिथे सेवा करते. झाडू मारते, मॅट अंथरते, हजेरी घेते. पैसा एक नाही. नातेवाइकांना काय सांगायचं? बँकेच्या परीक्षांचं वय निघून चाललंय. निदान या सेवेचं सर्टिफिकेट तरी मिळेल का? – एक पालक, सातारा

तुमच्या मूळ पत्रात ‘झाडू’ चार वेळा आलाय. लेकीला काय हवंय, ते एकदाही नाही. बारावीच्या ७१ टक्क्यांची मला काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याची: ‘हल्ली ती उलट बोलत नाही, गप्प असते.’ ध्यानाला बसणारं माणूस शांत होतं, हे खरं. पण घरात बोलून उपयोग नाही असं ठरवलेलं माणूसही तसंच गप्प दिसतं. यातलं कुठलं, ते तिच्याजवळ बसून विचारा. तेव्हा नातेवाइकांचा विषय काढू नका.

बँकेचं म्हणाल, तर क्लार्कला २० ते २८ आणि पीओला, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसरला, २० ते ३० अशी वयाची अट आहे, वर पदवी लागते. तिची पदवीच व्हायचीय. कसलं वय निघून चाललंय?

आता सर्टिफिकेट. सेवेचे महिने साठले की योगशिक्षिका होता येतं, हा गैरसमज अनेकांचा आहे. आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा लेखी आणि प्रात्यक्षिक असते. किती सकाळी मॅट अंथरल्या, हे तिथे कोणी विचारत नाही. लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेत १९२४ पासून योगाचं काम चाललंय, पण तिथला योगशिक्षणाचा पदव्युत्तर डिप्लोमाही पदवीनंतरच. शिकवायचंच असेल तर ही वाट आहे. पण तिला शिकवायचंय, असं तुमच्या पत्रात कुठेच नाही. तिला फक्त साधना करायची असेल, तर तिला करिअरच्या दावणीला बांधू नका.

सेवेतून मिळतं ते वेगळंच. आपण मॅटवर असतो तेव्हा स्वतःपलीकडे फारसं काही दिसत नाही. मागे उभं राहिलं की वीस पाठी दिसतात. पुढे वाकताना कोण श्वास कोंडतं, कुणाचा गुडघा जमिनीला टेकत नाही, हे कळायला लागतं. मग न सांगता घोंगडीची घडी त्या गुडघ्याखाली सरकवता येते. ही नजर आली की स्वतःचं आसनही बदलतं. आणि सगळे गेल्यावर घोंगड्या काठाला काठ जुळवून घडी करताना जे लक्ष एकवटतं, तेच पुढे ध्यानात कामी येतं. फी भरून हे मिळेलच असं नाही.

तरी डोळे उघडे ठेवा. सेवेचे तास ठरलेले हवेत, परीक्षेच्या दिवसांत सुट्टी हवी आणि तिचं स्वतःचं शिकणं चालू हवं. फी घेतलेली बॅच तिच्यावर सोपवून शिक्षक घरी बसत असतील, तर ती सेवा नव्हे, नोकरी झाली. तिचे पैसे मागायला तिला शिकवा.

आणि येत्या रविवारी तिला सोडायला तुम्हीच जा. दारातून परत फिरू नका, मागच्या ओळीत बसा. फक्त आदल्या रात्री तिला विचारा, ‘मी आलो तर चालेल का?’