लंडनला येऊन लिहून जगता येईल का?

तुमचा प्रश्न असा: मराठीत तीन व्यावसायिक नाटकं, दोन पटकथा आणि एक कथासंग्रह नावावर आहे, बायको आणि आठ वर्षांच्या मुलीला घेऊन लंडनला आलो तर लिहून घर चालेल का? व्हिसाची फी वगैरे सरकारी संकेतस्थळावर आहे, ते तिथेच वाचा.

मुंबईत ही तिन्ही कामं एकाच माणसाची धरतात. इथे त्यांची दारं वेगळी. ग्लोबल टॅलेंट व्हिसासाठी (आपल्या क्षेत्रातल्या कर्तृत्वावर मिळणारा व्हिसा) नाटक आणि साहित्य आर्ट्स कौन्सिल इंग्लंड तपासतं. सिनेमा-टीव्हीचा अर्ज पॅक्ट या निर्मात्यांच्या संघटनेकडे जातो आणि तिथे ऑस्कर, बाफ्ता असल्या पुरस्कारांची यादीच ठरलेली आहे. मराठी पटकथेच्या जोरावर त्या दारात उभे राहू नका. नाटककार म्हणून अर्ज करा.

पुरावे जास्तीत जास्त दहा. मराठी परीक्षणांत अर्धा मजकूर नटांवर, उरलेला दिग्दर्शकावर आणि लेखक प्रकाशयोजनेच्या आसपास एका ओळीत. इथे तपासणाऱ्याला फक्त तुम्ही हवे असता. म्हणून गेल्या पाच वर्षांतली, लेखनावर निदान परिच्छेदभर बोलणारी कात्रणंच निवडा. प्रत्येक भाषांतराखाली भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि अचूकतेची हमी हवी.

शिफारसपत्रं तीन, त्यांतली दोन संस्थांची आणि त्या दोनांतली किमान एक ब्रिटनमधली. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. आपल्याकडची मोठी मंडळी ‘अत्यंत गुणी आणि नम्र’ असं लिहून सही करतात. त्याचा उपयोग शून्य. पत्रात नाटकाचं नाव, साल, त्या लेखनात वेगळं काय होतं आणि ब्रिटनमध्ये तुम्ही काय करणार, हे लागतं. तेव्हा निघण्याच्या वर्षभर आधी एक संहिता इंग्रजीत आणा आणि इथल्या एखाद्या नाट्यसंस्थेकडून तिचं वाचन करवून घ्या. लंडनमध्ये १९३२ पासून असलेल्या महाराष्ट्र मंडळात प्रेमाचा प्रेक्षक भेटेल. हे काम तिथे होणार नाही.

आता पैसा. मराठी नाटककाराला प्रयोगामागे मानधन मिळतं आणि चाललेलं नाटक शनिवार-रविवार करत वर्षानुवर्षं टिकतं. इथे नाटक आठवड्याला सात-आठ प्रयोग करत चार-पाच आठवड्यांत संपतं. नाट्यसंस्था नवं नाटक लिहून मागते त्याला कमिशन म्हणतात, त्याचे पैसे तीन हप्त्यांत येतात: करार, संहिता हाती देणं, ती स्वीकारली जाणं. दुसऱ्या आणि तिसऱ्या हप्त्यांच्या मध्ये वाचनं, कार्यशाळा, पुनर्लेखन यांत वर्ष सहज जातं, आणि घरभाडं मात्र दरमहा. सिनेमात आधी ऑप्शन, म्हणजे ठरावीक काळ हक्क राखून ठेवण्याचे पैसे, मग मसुद्यागणिक पैसे, आणि हक्क निर्मात्याकडे. ग्रंथालयातून पुस्तक नेलं गेलं की लेखकाला पैसे मिळतात, वर्षाला कमाल ६,६०० पौंड. पण मराठी कथासंग्रह त्या कपाटांत असतोच कुठे?

फारुख धोंडी पुण्याचे, त्यांनी इथे कथा, नाटक, टीव्ही, सिनेमा सगळं केलं, असं तुम्हाला हमखास सांगतील. ते इंग्रजीत लिहीत होते आणि सुरुवातीला शाळेत शिकवून पोट भरत होते, हे सांगायचं राहून जातं.

म्हणून मराठीची मिळकत तोडू नका. निघण्यापूर्वी प्रत्येक निर्मात्याकडून लेखी घ्या: प्रयोगाचे हक्क कुठवर, भाषांतर, चित्रपट आणि हौशी संस्थांना परवानगी कुणाकडे. प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळ ठेवा. संहिता, नाव आणि तारीख एकत्र असलेला तो सरकारी कागद. अनिवासी झालात की रॉयल्टीवर दहा टक्के टीडीएस चालत नाही, वीस टक्के आणि वर उपकर लागतो. भारत-ब्रिटन करारानुसार तो पंधरावर येतो, पण ब्रिटिश करखात्याचा रहिवास दाखला निर्मात्याच्या सीएकडे आधी पोचला तरच. बँक खातंही एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं, करून घ्या.

एकटेपणाबद्दल विचारलंत. डिसेंबरात चारला अंधार पडतो. व्हिटॅमिन डी घ्या, पुढे चला.

मुलीच्या शाळेचं मात्र नीट ऐका. वर्ग जन्मतारखेवर ठरतो, १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट. पुण्यातली इयत्ता कुणी विचारत नाही. जागा कौन्सिल, म्हणजे तिथली पालिका, देतं, आणि वर्षाच्या मध्येच आलात तर जवळची शाळा बहुधा भरलेली असते. अर्जावर घरची भाषा मराठी लिहा. मग तिच्या इंग्रजीची चाचणी होईल आणि कुणीतरी गोड आवाजात सुचवेल की घरी इंग्रजीच बोला. नाही बोलायचं! सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेत बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू आहेत, मराठी नाही. शाळा तुमच्यासाठी काही करणार नाही. तो सल्ला भल्या मनाने मानणाऱ्या लेखकांच्या घरी आज मुलं बापाच्या नाटकाला येतात, हसू कुठे फुटलं ते बघून हसतात. याची भरपाई कुठलंही कमिशन करत नाही, आणि हे मी राग न येता लिहू शकत नाही. रोज अर्धा तास देवनागरी, पहिल्या आठवड्यापासून, इंग्रजी संहितेच्या आधी.