भावाची प्रश्नावली भरताना माझी झालेली चूक

ताई, तुमचा डाऊन सिंड्रोम असलेला भाऊ ४१ वर्षांचा. वार्धक्याच्या अभ्यासात त्याच्यासोबत तुम्हालाही बोलावलंय आणि 'घरच्यांची प्रश्नावली' भरताना पेन अडतंय, हे वाचलं आणि राहवलं नाही. माझ्या भावाच्या वेळी मी यातून गेलेय.

भावंडं का लागतात, हे तिथे सांगितलं असेलच. आई-वडील तेच, घर तेच, फक्त २१वं गुणसूत्र जास्तीचं नाही, म्हणून तुलनेला आपण. अमायलॉइड म्हणजे अल्झायमरच्या स्मृतिभ्रंशात मेंदूत साचणारं प्रथिन. त्याचा जनुक त्याच गुणसूत्रावर असल्याने चाळिशीपर्यंत डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळपास सगळ्यांच्या मेंदूत ते साचलेलं असतं. स्मृतिभ्रंशाची लक्षणं मात्र बहुधा पन्नाशीत दिसू लागतात. मधल्या वर्षांत काय बदलतं, ते घरच्यांच्या उत्तरांतूनही कळतं.

आणि मी तिथेच माती खाल्ली. 'स्वतः कपडे घालतो का?' मी लिहिलं, हो. खरं तर शर्ट सुलटा करून मी हातात द्यायचे, मग तो बटणं लावायचा. आंघोळीचंही तेच. जन्मभर लोकांनी त्याला कमी लेखलं होतं, निदान या कागदावर तरी तो उणा दिसू नये असं वाटलं. दोन वर्षांनी तो शर्ट हातात धरून नुसता उभा राहायला लागला, बाही कुठली ते उमगेना. तेव्हा मी खरं लिहिलं. आता यातलं गेलं किती आणि मुळात नव्हतंच किती, हे कुणालाच सांगता येईना. मलाही नाही.

त्यात एका दवाखान्यात 'यांचं असंच असतं' म्हणून आम्हाला परत पाठवलं. आठ महिने गेले! दुसरीकडे रक्त तपासलं तर थायरॉइड फार कमी. गोळ्यांनी तो बराच सावरला, पूर्ण नाही. त्याचा राग अजून जात नाही. म्हणून सांगते, स्मृतिभ्रंशाचं नाव कुणी काढलं तर आधी थायरॉइड, कान, डोळे, बी-१२ आणि झोपेत श्वास अडकतो का, हे बघायला लावा. मी डॉक्टर नाही, पण यावर मी अडून बसेन.

तुमच्या स्वतःच्या रक्ताचे, जनुकांचे निकाल तुम्हाला सांगणार का आणि तुम्हाला ते हवेत का, हे सही करण्याआधी ठरवा. भावालाही त्याच्या शब्दांत विचारा. सुईला तो नाही म्हणाला तर ते नाहीच. अभ्यास म्हणजे उपचार नव्हेत, हे माझ्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही.

एमआरआय असेल तर त्याचा ठकठक आवाज आधी आठवडाभर घरी ऐकवा, आमच्याकडे उपयोग झाला.

प्रश्नावलीत 'करतो' एवढंच लिहू नका. कोण काय हातात देतं, कितीदा सांगावं लागतं, तेही लिहा. आणि आजच मोबाइलवर त्याचा बटणं लावतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, तारखेसकट. मदतीला पुढे येणारा तुमचा हातही त्यात दिसू दे.