दुखत नाही म्हणून ठेवून दिलेली गाठ

लाळग्रंथींविषयी येणाऱ्या पत्रांत दोन समज ठरलेले असतात: कानाजवळची प्रत्येक सूज म्हणजे गालगुंड, आणि न दुखणारी प्रत्येक गाठ म्हणजे चरबी. कितीदाही खोडले तरी टपाल काही बदलत नाही. म्हणून यावेळी हेच प्रश्न एकत्र घेतले आहेत.

मुलगा ५ वर्षांचा. वर्षभरात चौथ्यांदा गालगुंड झालं. प्रतिकारशक्तीचं टॉनिक सुरू करू का?

गालगुंड सहसा आयुष्यात एकदाच होतं. चौथ्यांदा आलं, तर ते गालगुंड नव्हे. लहान मुलांत कानापुढच्या लाळग्रंथीला पुन्हा पुन्हा सूज येण्याचा वेगळा आजार असतो आणि बहुतेक मुलांत तो वयात येईपर्यंत आपसूक थांबतो. टॉनिकवर पैसे घालवू नका. पण एकदा सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. प्रतिकारशक्तीचा खरा दोष किंवा शोग्रेनसारखा आजार (यात शरीराची प्रतिकारशक्ती लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवरच उलटते) मागे असणं विरळा, तरी तो निसटायला नको.

जेवायला बसलं की जबड्याखाली फुगतं, तासाभरात उतरतं.

बहुधा लाळेच्या नळीत खडा आहे. सोनोग्राफी करून कान-नाक-घसा तज्ज्ञांना भेटा; ताप किंवा पू आला तर त्याच दिवशी.

कानाच्या पाळीखाली ६ वर्षांपासून गोटीएवढी गाठ आहे, दुखत नाही. एक डॉक्टर म्हणतात, जागा बधिर करून १५ मिनिटांत काढून देतो. एका जाहिरातीत गाठ विरघळवणारं औषध पाहिलं. काय करू?

‘दुखत नाही’ हे दोन शब्द वाचले की मी ते पत्र वेगळं काढतो. कानापुढच्या लाळग्रंथीतली साधी गाठ सहसा दुखतच नाही. इथल्या साधारण ८० टक्के गाठी कॅन्सरच्या नसतात, आणि त्यांत सर्वाधिक आढळते ती प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमा. ती इतकी सावकाश वाढते की रोज आरसा बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. जुना फोटो शेजारी धरला की कळतं. पण वर्षं जातात तशी तिचं कॅन्सरमध्ये रूपांतर होण्याची शक्यता चढत जाते. पहिल्या ५ वर्षांत ती दीड टक्क्याच्या आसपास मानतात, १५ वर्षांनंतर १० टक्क्यांजवळ. सहा वर्षं थांबलात तेवढं पुरे.

आता ते १५ मिनिटांचं काम. या गाठीचं कवच वरून अखंड वाटतं, पण त्यातून बारीक कोंब बाहेर गेलेले असतात. गाठ नुसती सोलून काढली की कोंब मागे राहतात. फुटली तर पेशी सांडतात आणि काही वर्षांनी जुन्या व्रणाभोवती तुटलेल्या माळेच्या मण्यांसारख्या गाठी हाताला लागतात. सोलून काढलेल्या गाठी परत येण्याचं प्रमाण २० ते ४५ टक्के नोंदलेलं आहे. भोवतीच्या निरोगी ग्रंथीसकट काढली, तर ते अगदी थोडं उरतं. चेहऱ्याची नस याच ग्रंथीतून जाते, इथेच तिच्या पाच मुख्य फांद्या होतात. डोळा मिटणं, हसणं सारं तिच्यावर. म्हणून पूर्ण भूल द्यायची, आधी नस शोधायची, मग गाठीला हात लावायचा. पहिल्याच वेळी नीट झालेल्या शस्त्रक्रियेत तोंड कायमचं वाकडं होणं क्वचित. काही आठवडे ओठ मंद हलू शकतो. गाठ परत आल्यावर मात्र नस व्रणात अडकलेली असते, तेव्हा धोका खरा.

विरघळवणारं औषध? ही गाठ कुठल्याही गोळीने वा लेपाने विरघळत नाही. जाहिरातीतला फोटो बहुधा साध्या सुजेचा, जी औषधाविनाही उतरली असती.

सोनोग्राफी, सुईची तपासणी, लागल्यास एमआरआय करा. मग डोकं-मानेच्या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या सर्जनना भेटा आणि ‘नस आधी शोधणार ना?’ असं सरळ विचारा. गाठ झपाट्याने वाढली, दुखू लागली किंवा चेहऱ्याची एक बाजू सैल पडली, तर अपॉइंटमेंटची वाट पाहत बसू नका.

सुई घातल्याने गाठ चाळवते आणि कॅन्सर पसरतो म्हणतात.

म्हणू द्या. बारीक सुईने तसं होत नाही. या गाठीला छेद देऊन तुकडा काढणं मात्र टाळतात.

दोन्ही जबड्यांखालच्या ग्रंथी टणक झाल्या, वरच्या पापण्याही सुजल्या. स्टिरॉइडने सगळं उतरलं. आता बायोप्सी कशाला?

ती आधीच व्हायला हवी होती. लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथी एकत्र सुजलेला रुग्ण सर्जन मिकुलिच यांनी १८८८ मध्ये मांडला. जबड्याखालची टणक ग्रंथी १८९६ मध्ये क्युटनर यांनी. यांतले बरेच रुग्ण आयजीजी-४ आजाराचे (प्रतिकारशक्ती बिघडून अनेक अवयव सुजण्याचा आजार; आयजीजी-४ हे रक्तातलं एक प्रथिन), हे या शतकात उमगलं. तो स्टिरॉइडने झटकन उतरतो खरा, पण लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सरही काही काळ उतरतो. रक्तातल्या आयजीजी-४ च्या आकड्यावर एकट्याने निदान होत नाही. स्वादुपिंड आणि मूत्रपिंडंही तपासावी लागतात. गोळ्या स्वतःहून थांबवू नका, संधिवाततज्ज्ञांना भेटा.

वडील ६८ वर्षांचे, सिगारेट ओढतात. वार्थिन ट्यूमर निघाला. ऑपरेशन नको म्हणतात.

वार्थिन ही लाळग्रंथीतली कॅन्सर नसलेली गाठ. तपासणीचा निष्कर्ष पक्का असेल, तर सर्जनच्या देखरेखीखाली थांबता येतं. सिगारेट आजच सोडायला सांगा. या गाठीचं तिच्याशी घट्ट नातं आहे.