साताऱ्याच्या आसपास हिवाळ्यात पाणपक्षी कुठे बघावेत? त्यासाठी कोकणातच जावं लागतं का?

कोकणात जायची गरज नाही. सरळ खटाव तालुका गाठा. येरळवाडी, सूर्याचीवाडी, मायणी हे तलाव एका दिवसात होतात, पण घाई नको. माझं मत विचाराल तर अख्खी सकाळ येरळवाडीलाच द्या.

रोहित (फ्लेमिंगो) उथळ पाण्यातच चरतात, चोच उलटी धरून चिखलपाणी गाळतात. म्हणून तलाव तुडुंब असेल तर ते फारसे थांबत नाहीत. पाणी ओसरून काठ उघडे पडले की बहार. निघण्याआधी गावात कुणाला तरी पाणी किती आहे ते विचाराच. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस), केशरी अंगाचे चक्रवाक, थापट्या बदकंही दिसतात. थापट्या फावड्यासारखी चोच पाण्याला टेकवून गोल गोल फिरत खातो, ते जरूर बघा. काठावर शेकाटे, तुतवार हे चिखलात टिपणारे पक्षी असतातच.

डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सकाळी पूर्वेच्या काठावर थांबा, ऊन पाठीशी राहतं. ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरे. आणि कळकळीची विनंती, उडतानाच्या फोटोसाठी थवा उठवू नका, ड्रोन तर नकोच. परतीच्या लांब प्रवासासाठी त्यांना इथे पोटभर खायचं असतं.