सगळेच एकमेकांचे नातलग, मग आपला नंबर कधी?

प्रश्न: ताई, नवऱ्याच्या कंपनीमुळे आम्ही पुण्याहून कोलंबसला आलोय, ओहायोचं नाही, इंडियानातलं छोटं. इथे शाळेतली सेक्रेटरी बेकरीवाल्याची चुलत बहीण, बँकेतला मॅनेजर तिचा मावसभाऊ, असंच सगळं चाललंय. मी पुण्यात अकाउंट्समध्ये होते. इथे वशिल्याशिवाय काही होईल का? – एक वाचक

उत्तर: अगं, तुझं हे गाव ओळखीवरच उभं राहिलंय. क्लेसी कमिन्स हा डब्ल्यू. जी. आयर्विन या बँकवाल्याचा ड्रायव्हर, हात मशिनरीत पक्का, मालकाने पैसे घातले आणि 1919 ला कमिन्स ही इंजिनाची कंपनी निघाली. पुढे 1934 मध्ये आयर्विनच्या बहिणीचा नातू, जे. आयर्विन मिलर, कारभार बघायला आला आणि कंपनी खरी वाढली ती त्याच्या काळात (1962 ला किर्लोस्करांबरोबर पुण्यात आली ती हीच). म्हणजे घराणेशाही आहेच, पण पाटीवर आडनाव ड्रायव्हरचं आहे बघ, नातलगाचं नाही, मालकाने त्याचं काम रोज बघितलेलं होतं म्हणून.

तुलाही तेच करायचंय, कोणीतरी तुझं काम बघायला हवं. पण आधी व्हिसा बघ. एच-4 वर, म्हणजे एच-1बी वाल्याच्या बायकोच्या व्हिसावर असशील तर पगाराची नोकरी तशी करता येत नाही, नवऱ्याचा आय-140 (ग्रीनकार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असेल तर वर्क परमिटसाठी अर्ज करता येतो, ही सोय 2015 पासून आहे. तोपर्यंत बिनपगारी काम शोध, तेही मुळात व्हॉलंटियरच करतात असंच. मुलं शाळेत असतील तर पालक संघटनेचं खजिनदारपद माग, हिशोब म्हटलं की सगळे मागे सरकतात त्यामुळे मिळेलही लवकर. आणि टॅक्सच्या सीझनला आयआरएसचा, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याचा, व्हिटा प्रोग्रॅम असतो, कमी उत्पन्नवाल्यांचे रिटर्न फुकट भरून देतात, ट्रेनिंग तेच देतात, परीक्षा पास व्हावी लागते. तुझ्यासारखीला अमेरिकन टॅक्स शिकायला याहून स्वस्त रस्ता नाही, आणि अख्खं गाव टेबलासमोर येऊन बसतं ते वेगळंच.

छोट्या वर्कशॉपात किंवा मका-सोयाबीनच्या शेतावर भाच्यालाच घेतील, तिथे नाराज होऊ नकोस, घरचाच धंदा तो. काउंटी किंवा सिटीच्या ऑफिसात मात्र 2012 पासून इंडियानात कायदा आहे, नातलग थेट नातलगाच्या हाताखाली काम करू शकत नाही. तिथल्या जाहिराती बघत राहा. परमिट आल्यावर लगेच अर्ज टाक, आणि रेफरन्स म्हणून शाळेतल्या त्या सेक्रेटरीलाच विचार, तू खजिनदार झालीस की ती तुला ओळखत असणारच.