घरात दाणा नाही आणि कार्डही नाही: सीमाभागातल्या वाचकांचे रेशनचे प्रश्न

बेळगाव, निपाणी, खानापूर, अथणी भागातून आलेल्या प्रश्नांपैकी तातडीचे आधी घेतले आहेत. सगळ्यांना लागू होणारी गोष्ट एकच. आज-उद्याच्या जेवणाची सोय आणि रेशन कार्ड काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. कार्डाची वाट बघत पहिलं काम थांबवू नका, आणि पहिलं भागलं म्हणून दुसरं सोडू नका.

प्रश्न: नवरा गवंडीकाम करताना पडला, पाय मोडला. मी विड्या वळते. एक मूल चार वर्षांचं, दुसरं सहावीत. आमचं वेगळं कार्ड नाही. चार दिवसांचं धान्य उरलंय. लगेच काही मिळेल का? (निपाणी)

कार्ड लगेच मिळणार नाही. पैसे घेऊन आठवड्यात बीपीएल कार्ड आणून देतो म्हणणारा एजंट खोटं बोलतो. पण ज्या सोयींना कार्ड लागतच नाही, त्या उद्यापासून सुरू होऊ शकतात.

चार वर्षांच्या मुलाला उद्याच अंगणवाडीत घाला. अन्नसुरक्षा कायदा २०१३ प्रमाणे सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला तिथे मोफत आहार मिळतो. त्याला रेशन कार्ड लागत नाही, उत्पन्नाची अट नाही. तुम्ही गरोदर असाल, किंवा बाळंतपणाला सहा महिने झाले नसतील, तर मातृपूर्ण योजनेत तुम्हालाही दुपारचं गरम जेवण आहे. सहावीतल्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत दुपारी जेवण मिळतंच. कर्नाटकात ते दहावीपर्यंत आहे. उपचारासाठी बेळगावला मुक्काम पडला तर इंदिरा कॅन्टीनमध्ये ५ रुपयांत नाश्ता आणि १० रुपयांत जेवण मिळतं, कागद कोणी मागत नाही.

आता एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ‘आमचं कार्ड नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच जोडप्यांची नावं सासऱ्याच्या किंवा वडिलांच्या कार्डावर असतात, आणि त्यांच्या वाट्याचं धान्य दर महिन्याला तिकडे उचललं जातं. आधी ते बघा. नावं असतील तर राज्यातल्या कुठल्याही रेशन दुकानात त्या कार्डाचा नंबर सांगून तुमचा थंब देता येतो. मात्र त्या महिन्याचं सगळं धान्य गावी उचलून झालं असेल तर मशीन शिल्लक शून्य दाखवेल. म्हणून महिना सुरू होतानाच घरच्यांशी बोला आणि आपल्या दोघांचा, मुलांचा वाटा ठेवायला सांगा.

हे चालू असताना वेगळ्या कार्डाची तयारी करा. नाडकचेरीतून (जवळच्या महसूल कार्यालयातून) उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला काढा. सगळ्यांच्या आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा. वडिलांच्या कार्डावर नावं असतील तर ती आधी तिथून कमी करून घ्या, नाहीतर नवा अर्ज तिथेच अडतो. बीपीएलच्या मुख्य अटी अशा: वार्षिक उत्पन्न १ लाख २० हजारांच्या आत, घरात आयकर भरणारा किंवा सरकारी नोकर नाही, ३ हेक्टरपेक्षा जास्त कोरडवाहू जमीन नाही, पोटापाण्याचं वाहन सोडून चारचाकी नाही. अर्ज आहार खात्याच्या संकेतस्थळावर, ‘ग्राम वन’ किंवा ‘कर्नाटक वन’ या सरकारी सेवा केंद्रांतून भरतात. ही खिडकी बारमाही उघडी नसते, काही दिवसांपुरती उघडते आणि तेव्हा सर्व्हर रडतो. कागद आधीच तयार ठेवले तर त्या गर्दीत निभावतं.

तुमच्याकडे दोन जमेच्या बाजू आहेत. पहिली म्हणजे उपचार. उपचारासाठी बीपीएल कार्ड लागत असेल तर तसा अर्ज आधी हातावेगळा करण्याची सोय राज्यात आहे. दवाखान्याचं पत्र घ्या. त्यावर रुग्णाचं आधारप्रमाणे नाव, नोंदणी क्रमांक, आजार, डॉक्टरांची सही आणि शिक्का हवा. ते तहसीलदार कार्यालयाच्या आहार शाखेत अर्जासोबत द्या. दुसरी बाजू ई-श्रमची, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीची. तिथे नोंद आहे पण रेशन कार्ड नाही अशा कामगारांना कार्ड द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश एप्रिल २०२३ मध्ये झाला आणि मार्च २०२४ मध्ये पुन्हा मुदत घालून दिली गेली. तुमचा विडी कारखान्यात पीएफ कापला जात असेल तर तुमची ई-श्रमवर नोंद होणार नाही. नवऱ्याची मात्र होईल. वय १६ ते ५९ मध्ये असावं. त्यांचं ई-श्रम कार्ड अर्जाला जोडा.

अर्ज भरला की ‘सकाल’ची, म्हणजे कर्नाटकच्या सेवाहमी कायद्याखालची पोच मागून घ्या. त्यावर १५ अंकी जीएससी नंबर असतो. ‘सकाल’ कायद्यात ज्या सेवेला मुदत ठरलेली आहे ती मुदत टळली तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई आहे. रक्कम किरकोळ आहे, पण तो नंबर हातात असला की अर्ज ‘सापडत नाही’ असं कोणाला म्हणता येत नाही.

प्रश्न: सून चंदगडकडची. लग्नाला वर्ष झालं. तिचं नाव आमच्या कार्डावर चढत नाही, ‘आधार दुसरीकडे आहे’ असं येतं. आता नातू झालाय. (बेळगाव तालुका)

सीमेवरच्या घरांत ही अडचण नेहमीची आहे. सुनेचं आधार माहेरच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या कार्डाला जोडलेलं आहे. एक आधार दोन कार्डांवर बसत नाही. इकडे कितीही वेळा अर्ज केला तरी तो परत येणार, आणि प्रत्येक वेळी अर्ज भरून देणाऱ्या केंद्रवाल्याला पैसे जाणार.

क्रम असा ठेवा. माहेरच्यांनी चंदगड तहसीलच्या पुरवठा शाखेत नाव कमी करण्याचा अर्ज द्यावा, सोबत लग्नाचा दाखला किंवा पत्रिका. नाव कमी केल्याचा दाखला लेखी घ्यावा. नुसतं कार्डावर नाव खोडून भागत नाही, संगणकातून नाव गेलं पाहिजे. ते गेलं का हे ‘मेरा राशन’ अॅपवर सुनेचा आधार नंबर टाकून दिसतं. त्यानंतरच इकडे नाव वाढवण्याचा अर्ज करा. बाळासाठी जन्मदाखला लागतो. पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या आधारला ठसे लागत नाहीत, तेव्हा बाळाचं आधार लवकर काढून घ्या.

नावातला फरकही बघून ठेवा. इकडच्या कार्डावर नाव कन्नडमध्ये, आधारवर मराठी-इंग्रजीत, दाखल्यावर वडिलांचं नाव मध्ये, दुसरीकडे नवऱ्याचं. सगळे कागद आधारशी जुळवा, एकेक कागद दुसऱ्याशी जुळवत बसू नका.

नाव कमी होईपर्यंत सुनेचा वाटा बुडू द्यायचं कारण नाही. माहेरचं कार्ड प्राधान्य कुटुंबाचं असेल तर तिला माहेरच्या कार्डाचा नंबर सांगून तुमच्या गावच्या दुकानात स्वतःच्या थंबवर केंद्राचे ५ किलो उचलता येतात. अट वरचीच: माहेरच्यांनी तिचा वाटा उचललेला नसावा. आणि बाळाला सहा महिने होईपर्यंत अंगणवाडीतलं जेवण तिच्या हक्काचं आहे, ते सोडू नका.

प्रश्न: आम्ही बीडकडचे ऊसतोड कामगार. सहा महिने कारखान्याच्या तळावर असतो. रेशन गावी राहतं. इथे मिळेल का? (अथणी तालुका)

मिळतं. ‘एक देश एक रेशन कार्ड’मध्ये महाराष्ट्राचं कार्ड इथे चालतं. कार्ड आणायची गरज नाही, कार्डाचा बारा अंकी नंबर किंवा आधार पुरे. गावी म्हातारी माणसं असतील तर इथे अर्धं आणि तिकडे अर्धं उचला, तशी सोय आहे. इथे फक्त केंद्राचा वाटा मिळेल. कर्नाटक आपल्या लोकांना वरून देतं ते तुम्हाला लागू नाही, त्यावरून दुकानदाराशी भांडू नका.

मुकादमाने एक काम करावं. टोळी आल्याबरोबर जवळच्या दुकानदाराला माणसांची संख्या सांगून ठेवावी. पंचवीस-तीस जण महिनाअखेरीला अचानक आले तर दुकानात तेवढा साठा नसतो. दुकानदाराने नकार दिला तर १४४४५ वर फोन करा. तळावरच्या मुलांना गावच्या अंगणवाडीत आणि शाळेत घेतलंच पाहिजे. परगावचे आहेत हे कारण चालत नाही.

प्रश्न: आज्जीचे ठसे उमटत नाहीत. दोन महिने दुकानातून परत पाठवलं. गावात रेंजही नसते. (खानापूर तालुका)

कार्डावर आज्जींशिवाय दुसरं कोणी असेल तर त्याने थंब द्यावा. एकाच्या थंबवर सगळ्या घराचं धान्य मिळतं. ‘जिचं नाव पहिलं तिनेच यायचं’ असा नियम नाही.

आज्जी एकट्याच असतील तर हे करून बघा. साबणाने हात धुऊन कोरडे करायचे. बोटं फार कोरडी असतील तर किंचित तेलाचा हात लावून पुसायचा. अंगठाच हवा असं नाही, दहाही बोटं लावून बघायची. शेतात राबलेल्या हातांचे अंगठे आधी झिजतात, करंगळी-अनामिका बऱ्या असतात. दुकानात डोळ्यांचं मशीन असेल तर तेही चालतं. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपी आहे. एवढ्यानेही झालं नाही तर आधार केंद्रात ठसे नव्याने द्या आणि आहार शाखेत लेखी अर्ज करा: वयामुळे ठसे जुळत नाहीत, थंबमधून सूट द्यावी किंवा माझ्या वतीने अमुक व्यक्तीला धान्य द्यावं. आधार जुळत नाही एवढ्यावरून पात्र माणसाला रिकाम्या हाताने पाठवू नये आणि वेगळ्या नोंदवहीत नोंद करून धान्य द्यावं, असं केंद्राने २४ ऑक्टोबर २०१७ रोजीच राज्यांना कळवलं आहे. अर्जात ही तारीख घाला.

रेंजबद्दल सावध राहा. जांबोटी-कणकुंबीच्या रानाकडच्या गावांत रेंज मिळेल तिथे जाऊन थंब घ्यायचे आणि धान्य नंतर द्यायचं, हे सोयीचं वाटतं. पण थंब दिला की कागदोपत्री धान्य मिळालं अशी नोंद होते. मग उरलेलं मागायला पुरावा नसतो. थंब दिला की पावती आणि धान्य त्याच दिवशी घ्या.

महिन्याचा थंब आणि ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवून देणं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही सांगून ठेवतो. ई-केवायसी कार्डावरच्या प्रत्येकाने स्वतः करायचं असतं. गोव्याला किंवा पुण्याला असलेल्या माणसाला तिथल्या दुकानातही ते करता येतं. आणि २०२५ मध्ये बदललेल्या केंद्राच्या आदेशानुसार सहा महिने धान्य उचललं नाही तर कार्ड तात्पुरतं बंद होतं. दोन महिने परत पाठवलं म्हणून कंटाळून घरी बसू नका.

प्रश्न: पुराचं पाणी घरात आलं तर रेशनचं काय? मागच्या वेळी कार्ड आणि पोती दोन्ही गेली. (चिक्कोडी तालुका)

कार्डाचा कागद गेला तरी हक्क जात नाही. नंबर दुकानदाराच्या मशीनमध्ये आहे, आणि आपलं दुकान पाण्यात असेल तर दुसऱ्या गावचं कुठलंही दुकान चालतं. काळजी केंद्रात (पूरग्रस्तांच्या निवारा केंद्रात) शिजवलेलं अन्न मिळायला कार्ड लागत नाही. फक्त घरातल्या प्रत्येकाचं नाव तिथल्या नोंदवहीत लिहून घ्या. पुढच्या मदतीच्या यादीशी ती नोंदवही ताडून बघतात. पाहुण्यांकडे राहायला गेलात तरी तलाठ्याकडे तसं नोंदवा.

पाणी ओसरल्यावर घर धुवायची घाई होते आणि तिथेच पंचनामा बिघडतो. आधी भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेली पोती, भांडी यांचे फोटो काढा, फोटोत घराचा नंबर किंवा दारावरची पाटी येऊ द्या. मग स्वच्छता. पुराचं पाणी लागलेलं धान्य वाळवून खाऊ नका. त्यात गटाराचं पाणी, शेतातली औषधं उतरलेली असतात, ती उन्हाने जात नाहीत.

दूधगंगा-वेदगंगेचे कमी उंचीचे पूल पाण्याखाली जातात तेव्हा गाव आणि दुकान यांत नदी येते. जुलै-ऑगस्टचं धान्य दुकानात आल्या दिवशीच उचला, आणि ते माळ्यावर ठेवा.

प्रश्न: दुकानदार थंबला २० रुपये घेतो आणि पोत्यामागे किलोभर कमी देतो. तक्रार मराठीत चालते का? (बेळगाव)

धान्य मोफत आहे, थंबचे पैसे घेणं बेकायदा. वजनाचा वाद टाळायचा तर आपली रिकामी पिशवी आधी काट्यावर ठेवून शून्य करायला सांगा. मशीनच्या पावतीवर किती किलो लिहिलंय ते तिथेच वाचा. केंद्राचे माणशी ५ किलो पक्के आहेत. राज्याचा वरचा भाग बदलत आला आहे: जुलै २०२३ पासून माणशी १७० रुपये खात्यात, फेब्रुवारी २०२५ पासून पुन्हा ५ किलो तांदूळ, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या तांदळाऐवजी डाळ, तेल, साखर, मीठ असं इंदिरा किट द्यायचा मंत्रिमंडळाचा निर्णय. म्हणून त्या महिन्यात काय मिळायचंय ते दुकानाच्या फळ्यावर बघून मगच तक्रार लिहा.

पहिली तक्रार १९६७ वर करा आणि नंबर लिहून घ्या. मग लेखी तक्रार जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, तिथे दाद न मिळाल्यास राज्य अन्न आयोगाकडे. मराठीत लिहिता येतं. घटनेचं कलम ३५० तो हक्क देतं. तरी आमचा सल्ला व्यवहाराचा आहे: मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडा. हक्क मराठीचा आहेच, पण टेबलावरचा कारकून लगेच वाचू शकला तर अर्ज भाषांतरासाठी पडून राहत नाही.

धान्य अजिबात दिलंच नाही तर कायद्याच्या कलम ८ प्रमाणे अन्नसुरक्षा भत्ता मागा. हमीभावाच्या सव्वापट दराने हिशेब होतो. पण तुम्ही दुकानात गेला होता हे दाखवावं लागतं, म्हणून त्याच महिन्यात लेखी मागणी करून पोच घ्या.

प्रश्न: आम्ही दोघंच म्हातारी, मूलबाळ नाही. बीपीएल कार्ड आहे. अंत्योदय मिळेल का? (नंदगड)

मागायलाच हवं. बीपीएलवर दोघांचे केंद्राचे १० किलो होतात, अंत्योदयला घरटी ३५ किलो. साठीच्या पुढची निराधार माणसं, विधवा, अपंग, दुर्धर आजारी, भूमिहीन मजूर यांच्यासाठीच ते आहे. अंत्योदय कार्डांची संख्या ठरलेली असते, म्हणून जागा रिकामी झाल्यावरच नंबर लागतो. तहसीलदारांच्या नावे अर्ज द्या, वयाचा पुरावा आणि उत्पन्नाचा दाखला जोडा, आणि पोच घेऊन दर दोन महिन्यांनी आहार शाखेत यादीत नाव कुठे आहे ते विचारा. तोवर बीपीएलचं धान्य चुकवू नका.