जिवाणू स्वतःच्याच पेशीत विष का बाळगतो?

विषाणूने गाठल्यावर जिवाणू आपलेच विष मोकळे करून मरत असेल, तर त्याने बचाव कोणाचा केला, असा आपला प्रश्न आहे. मी मुंबईतल्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि वर्गातही ही शंका हमखास निघते.

विष-प्रतिविषाच्या जोडीत विष टिकाऊ असते, त्याला निष्प्रभ ठेवणारे प्रतिविष मात्र सतत मोडत असते आणि पेशीला ते सतत नव्याने बनवावे लागते. आमच्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीचेही तसेच आहे. पालिकेचे पाणी एक दिवस आले नाही की तळ दिसतो; तसे प्रतिविष बनणे थांबले की ते संपते आणि विष मोकळे होते. ओगुरा आणि हिरागा या संशोधकांनी १९८३ साली एफ प्लाझ्मिडवरची (प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूतले मुख्य गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे छोटे कडे) अशी जोडी दाखवली, तेव्हा विषाणूंचा विषय नव्हताच. विभाजनात प्लाझ्मिड न मिळालेल्या पेशीची वाढ ती रोखते, एवढेच दिसले होते.

आता टी४ हा विषाणू पाहा. ई. कोलाय या जिवाणूमध्ये शिरल्यावर तो यजमानाच्या जनुकांवरून आरएनए (जनुकाची नक्कल असलेला रेणू) बनणे बंद पाडतो, कारण सारी यंत्रणा त्याला स्वतःसाठी राबवायची असते. ‘टॉक्सआयएन’ या जोडीतले प्रतिविष मात्र आरएनएच असल्यामुळे त्याचा पुरवठा तुटतो, विष सुटे होते आणि विषाणूचेच संदेशवाहक आरएनए, म्हणजे ज्यांवरून त्याची प्रथिने बनतात ते, कापू लागते, हे २०२१ साली प्रयोगांनी दाखवले गेले. म्हणजे इथे जिवाणूला शत्रू ओळखावाही लागत नाही. शत्रूच्या पहिल्याच चालीने सापळ्याचा खटका पडतो. ‘कॅपरेल’ या दुसऱ्या विष-प्रतिविष व्यवस्थेत, उलट, विषाणूच्या कवचाचे प्रथिन थेट चिकटल्यावर विष जागे होते.

बचाव होतो तो शेजाऱ्यांचा. फुटणाऱ्या एका पेशीतून शंभरावर नवे विषाणू बाहेर पडू शकतात, आणि आजूबाजूच्या पेशी बहुधा तिच्याच प्रतिकृती असतात. नाल्याच्या पाण्यातले विषाणू शोधताना काचेच्या बशीतल्या जिवाणूंच्या थरावर विषाणूंनी जिवाणू फोडल्याचे जे स्वच्छ गोल ठिपके दिसतात, ते अशी जोडी असलेल्या जिवाणूंवर पुष्कळदा उमटतच नाहीत. ‘आत्महत्या’ हा शब्द मला म्हणूनच खटकतो. कित्येक विषे पेशीची वाढ फक्त थांबवतात आणि मार विषाणूच्या उत्पादनावर बसतो.

अर्थात टी४ही स्वस्थ बसलेला नाही. ई. कोलायच्या ‘आरएनएलए’ या विषाला निष्प्रभ करणारे ‘डीएमडी’ नावाचे प्रथिन, म्हणजे स्वतःचे प्रतिविष, तो बरोबर घेऊन फिरतो.